उद्याच्या मुंबईत पाणी कोण भरणार?

आमच्या परळच्या चाळीच्या तोंडाशी गेल्या वर्षी एक मोठं चित्र लागलं. चाळ पाडून त्या जागी जे उभं राहणार आहे, त्याचं चित्र. चाळीस मजले, सगळीकडे काच, मधोमध निळं पाणी, कडेनं नारळाची झाडं. आई अजून तिथंच राहते, त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी मी त्या चित्राखालून जाते. एकदा मुद्दाम थांबून त्यातल्या बायका मोजल्या. पाच निघाल्या. एक धावण्याचा व्यायाम करते आहे, एक बाबागाडी ढकलते आहे, दोघी पाण्याकाठी पहुडल्या आहेत आणि पाचवी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून वरच्या मजल्यांकडे बघते आहे. एकीच्याही हातात पिशवी नाही. एकही म्हातारी नाही. एवढ्या घरांत एकाही दोरीवर कपडा वाळत नाही.

मी मोजत होते तेव्हा शेजारच्या काकू भाजी घेऊन आल्या. त्यांनीही वर बघितलं आणि विचारलं, "काय गं, ह्या बिल्डिंगीत भांडी कोण घासतं?"

मैत्रिणींनो, हा सगळा लेख म्हणजे काकूंच्या त्या प्रश्नाचाच विस्तार आहे. मुंबईच्या भविष्याच्या ज्या ज्या कथा आपल्यासमोर येतात – कादंबऱ्या, नाटकं, सिनेमे, आणि त्यांच्याबरोबर सरकारी आराखडे आणि बिल्डरांची चित्रंसुद्धा, कारण मी त्यांनाही कथाच मानते – त्या सगळ्यांना हा प्रश्न विचारायला हवा. आणि तो आपण विचारला नाही, अशी माझी तक्रार आहे. ती बाहेरच्यांबद्दल आहे, तशीच आपल्या चळवळीबद्दलही आहे.

आधी माझं आणि ह्या शहराचं नातं सांगते, कारण त्याशिवाय माझा राग कळणार नाही.

मुंबईवर पुरुषांनी भरपूर लिहिलं आहे. कामगार कवींनी लिहिलं, शाहिरांनी लिहिलं, सिनेमावाल्यांनी तर पोटभर लिहिलं. त्यातलं पुष्कळ मला तोंडपाठ आहे आणि प्रियही आहे. पण त्यातली मुंबई बहुतेक वेळा स्वतःच एक बाई असते. कधी पोटाला घालणारी आई, कधी भुलवणारी मोहिनी, कधी बाजारात बसलेली. शहरच बाई झालं, की शहरात राहणाऱ्या बाईला जागा उरत नाही. मोहिनीवर प्रेम करणारा पुरुष असतो, आईच्या कुशीत शिरणारा मुलगा असतो. मग मी कोण? मला हे शहर आईही वाटत नाही आणि प्रेयसीही वाटत नाही. माझ्यासाठी मुंबई ही अशी जागा आहे, जिथं रात्री साडेदहाला दादरच्या पुलावरून एकटीनं चालताना मला कुणी "कुणाची गं तू?" असं विचारत नाही. गावाकडे हा प्रश्न पावलोपावली असतो. त्यात जात विचारलेली असते, बाप विचारलेला असतो, नवरा विचारलेला असतो. मुंबईत गर्दी एवढी, की तो प्रश्न विचारायला कुणाला फुरसत नसते. खेड्यातून आलेल्या कितीतरी बायकांनी, आणि विशेषतः दलित बायकांनी, मला हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं आहे. इथं हाल आहेत, पण ओळख पुसून चालता येतं.

हे प्रेम भाबडं नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी शाळेत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत माझे वडील होते. संपाच्या इतिहासात नेते आहेत, मोर्चे आहेत, गोळीबार आहे. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत मात्र त्या संपाचा इतिहास म्हणजे आईनं रोज लाटलेल्या पोळ्या. संपाच्या आधी ती चार माणसांची खाणावळ चालवायची, नंतर बारा जणांचे डबे करायला लागली. गिरणगाव अशा बायकांनी पोसलं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी ह्याच खाणावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा पहिल्यांदा त्या बाईच्या श्रमाला श्रम म्हणून नाव मिळालं. संप मोडला, गिरण्या बंद पडल्या. गिरण्यांच्या जमिनींतून शहराला एक तृतीयांश मोकळी जागा आणि एक तृतीयांश परवडणारी घरं मिळावीत, असं १९९१ च्या नियमात होतं. २००१ साली तो नियम बदलून ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती केली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानंही तो बदल मान्य केला. आज वडिलांच्या गिरणीच्या जागी काय आहे, ते मी सांगायला नको. परळला गेलेल्या प्रत्येकीला माहीत आहे.

आणि १९९२-९३. त्याच वर्षी, १९९२ च्या मे महिन्यात, पश्चिम रेल्वेवर पहिली 'महिला विशेष' गाडी सुटली होती. आम्ही केवढ्या कौतुकानं त्या गाडीत बसलो होतो! सात महिन्यांनी दंगली झाल्या. जानेवारीनंतर आमच्या रोजच्या डब्यातल्या तीन मैत्रिणी दिसेनाशा झाल्या. एक पुढे कळलं की मुंब्र्याला गेली. मोहल्ले आणि वस्त्या धर्मानुसार वेगळ्या होत गेल्या, घर भाड्यानं देताना आडनाव विचारलं जाऊ लागलं, कोण काय शिजवतं ते विचारलं जाऊ लागलं. "कुणाची गं तू?" हा प्रश्न गावातून निघून सोसायटीच्या गेटवर येऊन बसला.

तेव्हा ह्या शहराचं पुढं काय होणार, ही माझ्यासाठी करमणुकीची गोष्ट नाही. म्हणूनच मुंबईच्या भविष्याची कुठलीही कथा हाती आली, की मी ती अधाशासारखी वाचते.

लहानपणी पहिली वाचली ती जयंत नारळीकरांची 'हिमप्रलय'. मुंबईत बर्फ पडतो! आमच्या चाळीत मे महिन्यात पत्रे तापलेले असताना ती कथा वाचताना अंगावर काटा आला होता. कथेतलं विज्ञान मला तेव्हा अर्धंच कळलं. पण एक विचार मनात येऊन गेला, तो अजून आठवतो. नळाचं पाणी गोठलं, तर आई पहाटे चारला उठून काय भरणार?

मग आले सिनेमे. २००८ साली 'लव्ह स्टोरी २०५०' आला. त्यात २०५० सालची मुंबई आहे. उडत्या गाड्या, ढगांत शिरलेल्या इमारती, यंत्रमानव आणि पुनर्जन्म घेतलेली नायिका. नायक काळ ओलांडून तिच्यासाठी जातो. बेचाळीस वर्षांत विज्ञान एवढं पुढं गेलं, गाड्या हवेत गेल्या, पण बाई तिथंच. कुणीतरी आपल्याला शोधत येईल म्हणून दोन जन्म वाट बघणारी. ह्या पुढच्या शहरात रस्त्यावर भाजी विकणारी नाही, कोळीण नाही, सफाई कामगार बाई नाही. आमच्या चाळीसमोरच्या चित्राचाच हा लांबवलेला सिनेमा.

दुसऱ्या टोकाला भयाच्या कथा आहेत. त्यांचा दर्जा वेगळा आहे, आणि त्यांच्याशी मी आदरानं भांडणार आहे. मंजुळा पद्मनाभन यांचं 'हार्वेस्ट' हे इंग्रजी नाटक १९९७ साली ग्रीसच्या ओनासिस पुरस्कारानं गाजलं. पुढे गोविंद निहलानींनी त्यावर 'देहम' हा चित्रपट केला. नाटक घडतं २०१० सालच्या मुंबईत, एका खोलीत. बेकार ओम आपलं शरीर, म्हणजे अवयव, परदेशातल्या एका श्रीमंत गिऱ्हाइकाला देण्याचा करार करतो. बदल्यात घरात अन्न येतं, पडद्यावरून बोलणारी मालकीण येते आणि संडास येतो. शेजाऱ्यांबरोबर वाटून घ्यावा लागणारा संडास ऐकून परदेशी मालकिणीला किळस येते, म्हणून ती ह्यांच्या खोलीत स्वतंत्र संडास बसवून देते. मुंबईच्या भविष्याबद्दल लिहिताना ज्या लेखिकेला संडास आठवला, तिला मी त्याच क्षणी आपली मानलं.

शेवटी सगळे विकले जातात आणि उरते ओमची बायको जया. आता गिऱ्हाइकाला तिच्या गर्भाशयात मूल हवं असतं, तेही दुरून, स्पर्शाचा धोका न पत्करता. जया नकार देते. माझ्याकडून काही हवं असेल तर स्वतःच्या देहानं इथं ये, ह्या हवेत, ह्या आजारांत, असं ती सांगते. दार लावून बसते आणि स्वतःच्या मरणाचा हक्क हातात ठेवते.

आता हिशेब मांडा. नाटक लिहिलं गेलं तेव्हा ही दूरची कल्पना वाटली होती. पण २०१० उजाडेपर्यंत आपल्या देशात परदेशी जोडप्यांसाठी गर्भाशय भाड्यानं देण्याचा धंदा जोरात चालू झाला होता, आणि मुंबई त्यातून वगळलेली नव्हती. त्यावर कायदा यायला २०२१ साल उजाडलं. त्यानं व्यापारी सरोगसीवर बंदी घातली. बंदी हा खरा उपाय की त्या बाईला कामगार म्हणून हक्क देणं हा, यावर आपल्या गटांत आजही मतभेद आहेत. पण माझा मुद्दा वेगळा आहे. एका लेखिकेनं जी गोष्ट आधी पाहिली होती, तिच्याबद्दल आपण किती शिबिरं घेतली? किती वस्त्यांत ते नाटक नेलं? कौटुंबिक हिंसेवरची, हुंड्यावरची पथनाट्यं आपण गल्लोगल्ली केली. ती गरजेचीच होती. पण येऊ घातलेल्या हिंसेवरचं नाटक इंग्रजी जाणणाऱ्यांचं म्हणून सोडून दिलं.

तरीही 'हार्वेस्ट'शी माझं भांडण आहे. जयाच्या हातात शेवटी फक्त नकार उरतो, आणि तोसुद्धा एकटीचा, बंद खोलीतला. तिला शेजारीण नाही. मुंबईच्या चाळीत किंवा झोपडपट्टीत राहणाऱ्या बाईला शेजारीण नाही, हे मला पटत नाही. नळावर भांडणारी, आणि नवरा मारायला उठला की तोच हंडा घेऊन मध्ये पडणारी शेजारीण. भविष्याच्या भयकथा आपल्याला नेहमी एकटीला गाठतात. आणि एकटीला गाठणं हे तर पुरुषसत्तेचं जुनंच तंत्र आहे.

प्रयाग अकबर यांची 'लैला' ही कादंबरी २०१७ साली आली, नंतर तिच्यावर मालिकाही निघाली. कादंबरीत शहराचं नाव दिलेलं नाही, पण जातीधर्माच्या भिंतींनी चिरलेलं, पाणी आणि स्वच्छ हवा श्रीमंतांच्या वाट्याला गेलेलं ते शहर वाचताना मला माझंच दिसत राहिलं. परधर्मात लग्न केलेल्या शालिनीची मुलगी हिरावून घेतली जाते आणि आई वर्षानुवर्षं तिला शोधत राहते. काळीज पिळवटणारी गोष्ट आहे. पण त्यातली मला सर्वांत खरी वाटलेली बाई वेगळी आहे. ती म्हणजे शालिनीच्या घरची मोलकरीण सपना. चांगले दिवस होते तेव्हा शालिनी तिच्याशी जशी वागली, ते लेखकानं लपवलेलं नाही. भिंती उभ्या राहण्याच्या आधीही घरात एक भिंत होतीच. कप वेगळा होता, बसायची जागा वेगळी होती. मला सपनाच्या तोंडून ही कादंबरी वाचायची आहे. कुणी लिहील का? मध्यमवर्गीय बाईवर जुलूम आला म्हणजे 'भयंकर भविष्य' आलं, आणि जिच्यावर तो आजच आहे तिचं काय? तिचा तर वर्तमानकाळच आपल्या भविष्यकथांना कच्चा माल पुरवतो.

आता सर्वांत जास्त वाचल्या जाणाऱ्या, आणि जिच्यासाठी माणसं खरोखर घरातून काढली जातात, त्या कथांकडे येते. २००३ साली उद्योगपतींच्या एका व्यासपीठानं आणि एका परदेशी सल्लागार कंपनीनं मिळून 'व्हिजन मुंबई' नावाचा अहवाल काढला. दहा वर्षांत, म्हणजे २०१३ पर्यंत, मुंबई जागतिक दर्जाचं शहर होणार. मुंबईचं शांघाय करायचं, हे वाक्य तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होतं. लगेच २००४-०५ च्या हिवाळ्यात बुलडोझर निघाले आणि ऐंशी-नव्वद हजार झोपड्या जमीनदोस्त झाल्या. त्याच पावसाळ्यात, २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शांघायचं स्वप्न गळ्यापर्यंतच्या पाण्यात उभं राहिलं. २०१३ आलं आणि गेलं. त्या कथेच्या लेखकांना कुणी जाब विचारला नाही. कादंबरीकाराची कथा फसली तर पुस्तक पडून राहतं. ह्यांची कथा फसली तर बाई मुलांना घेऊन माहुलला जाते. तिथं तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीत लोकांना बसवलं होतं, आणि त्यांना त्या प्रदूषणात राहण्याची सक्ती करता येणार नाही, हे उच्च न्यायालयाला २०१९ मध्ये सांगावं लागलं.

आणि पाणी! मुंबईच्या सगळ्या भविष्यकथांत समुद्र आहे. शहर बुडतं, लाटा येतात, बोटी फिरतात. पण प्यायचं पाणी कुठून येतं, हे कुणी लिहीत नाही. विहार आणि तुळशी हे दोन लहान तलाव सोडले, तर आपलं सारं पाणी शहराबाहेरून येतं. तानसा, वैतरणा, भातसा ही धरणं तिकडची. शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, डोंगर उतरून हंडे आणतात, आणि त्यांच्या उशाखालून जाड नळ मुंबईकडे जातात. शहरातही तेच. २००० सालानंतरच्या झोपड्यांना नळच नाही, असं धोरण होतं. पाणी हक्क समितीनं याचिका केली, तेव्हा २०१४ च्या डिसेंबरात उच्च न्यायालयानं सांगितलं की घर बेकायदा असलं तरी पाणी नाकारता येत नाही. 'सर्वांसाठी पाणी' हे महापालिकेचं धोरण यायला २०२२ उजाडलं, आणि कागदावरचं पाणी हंड्यात पडायला किती वेळ लागतो ते वस्तीत काम करणारीला विचारा. ज्या कथेत शहापूर नाही, ती मुंबईची भविष्यकथा खोटी आहे, असं मी सरळ म्हणते.

'सुरक्षित शहर' ही आणखी एक लाडकी कथा. चौकाचौकात कॅमेरे, एका खोलीत शेकडो पडदे. २०१३ च्या ऑगस्टमध्ये बंद पडलेल्या शक्ती मिलच्या आवारात एका छायाचित्रकार मुलीवर सामूहिक बलात्कार झाला, त्यानंतर ह्या कथेला जोर चढला. पण गजबजलेल्या गिरणगावाच्या मध्यावर एवढी ओसाड जागा इतकी वर्षं कुणाच्या हिशेबात पडून राहिली, हे कुणी विचारलं नाही. कॅमेरा बाईला बघतो. तिच्यासाठी दिवा लावत नाही, बस थांबवत नाही, मुतारी बांधत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉयटर?' लिहून वेगळं शहर मागितलं होतं. बाईला काही कारण नसताना रस्त्यावर रेंगाळता येईल असं शहर. आपल्यातल्या काहीजणींनी तेव्हा नाकं मुरडली. इथं बायांना पाणी नाही आणि ह्यांना टिवल्याबावल्या करायच्या आहेत! मीही त्यांतलीच होते. आज मला ती चूक वाटते. पाण्याची रांग आणि रेंगाळण्याचा हक्क यांचा संबंध आहे. बाईचा वेळ कुणाचा, हाच दोन्हीकडचा प्रश्न आहे.

आता आपल्याकडे. आपलं लिखाण काढून बघा, हे नियतकालिकसुद्धा. अत्याचाराचे अहवाल, न्यायालयाचे निकाल, सर्वेक्षणं, मुलाखती, श्रद्धांजल्या. सगळं झालेलं, घडून गेलेलं. आपण भूतकाळाच्या कारकून झालो आहोत. उद्याबद्दल आपल्याकडे मागण्या असतात, पण गोष्ट नसते. आणि मागणी ही दुसऱ्यानं आखलेल्या चित्रात कोपरा मागते. २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचंच बघा. महिला संघटना आणि वस्ती संघटना चिकाटीनं मागे लागल्या, सूचना-हरकती दिल्या, म्हणून त्यात नोकरदार बायकांची वसतिगृहं, आधार केंद्रं, बेघरांसाठी निवारे यांच्या तरतुदी आल्या. तो विजय मी कमी लेखत नाही. २०११ साली सुरू झालेली 'राइट टू पी'ची मोहीम, पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'च्या याचिकेवर २०१५ च्या डिसेंबरात स्वच्छतागृहांबद्दल आलेला निकाल, ह्यासाठी किती जणींनी चपला झिजवल्या ते मी बघितलं आहे. पण आराखडा त्यांचा होता. आपण त्यात कोपरे मिळवले.

मला माहीत आहे, बैठकीत कुणी तरी म्हणणार: "बाई, आजचं भागत नाही, तिथं २०५० च्या गोष्टी कसल्या सांगता? कल्पना करणं ही पोट भरलेल्यांची चैन आहे." ह्याला माझी दोन उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर भायखळ्याच्या फुटपाथवरचं. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं फुटपाथवासीयांच्या खटल्यात उपजीविकेचा हक्क मान्य केला, पण नोटीस देऊन झोपड्या हटवायलाही मोकळीक दिली. डोक्यावर बुलडोझर असताना त्या फुटपाथवरच्या बायकांनी, ज्यांच्या गटाला पुढे 'महिला मिलन' हे नाव मिळालं, काय केलं? त्यांनी आपल्या घराची कल्पना केली. नुसती बोलून नाही. कापड आणि लाकूड वापरून पूर्ण मापाचा नमुना उभा केला. खोली चौदा फूट उंच, म्हणजे वर पोटमाळा निघेल. संडास घराच्या आत नको, बाहेर शेजारच्या घरांबरोबर मिळून हवा, कारण छोट्या खोलीत त्याची जागा त्यांना जगण्यासाठी हवी होती. वास्तुशास्त्रज्ञांनी येऊन ते घर बघितलं, सरकारी अधिकाऱ्यांनी बघितलं. ज्यांना पोटभर जेवणाची शाश्वती नव्हती, त्यांनी उद्याचं घर रस्त्यावर उभं करून दाखवलं. आता सांगा, कल्पना करणं कुणाची चैन आहे?

दुसरं उत्तर एकशेवीस वर्षांपूर्वीचं. १९०५ साली रुकय्या सखावत हुसेन ह्या बंगाली मुस्लिम बाईनं 'सुलतानाज ड्रीम' नावाची कथा इंग्रजीत लिहिली आणि ती मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात छापून आली. तिच्या स्वप्नातल्या देशात पुरुष पडद्यात आहेत आणि कारभार बायकांचा आहे. हे आपण सगळ्या कौतुकानं सांगतो. पण बारकाईनं वाचा. तिथल्या स्वयंपाकघरात धूर नाही, सूर्याच्या उष्णतेवर अन्न शिजतं. तिथल्या बायकांच्या विद्यापीठाचा एक मोठा शोध कोणता? हवेतून थेट पाणी जमा करण्याचा. उडती गाडीसुद्धा आहे त्या कथेत! पण ती येते शेवटी. आधी चूल आणि पाणी, मग विमान. रुकय्याला जे कळलं होतं ते २००८ च्या सिनेमावाल्यांना कळलं नाही, कारण त्यांनी कधी हंडा उचलला नव्हता.

गेल्या पावसाळ्यात आम्ही आमच्या गटात हा प्रयोग केला. घरकामगार, कचरा वेचणाऱ्या, दोन अंगणवाडी सेविका, एक निवृत्त परिचारिका अशा अठराजणी होत्या. सांगितलं, २०५० साली मुंबईतला तुमचा एक दिवस सांगा. सुरुवातीला सगळ्या हसल्या. "तोवर मी असते होय?" मग एकजण म्हणाली, "मी रात्री संडासला उठेन आणि सोबतीला कुणालाच उठवणार नाही." खोलीत शांतता पसरली. दुसरी म्हणाली, "मी सहाला कामावरून येईन आणि घरात भात झालेला असेल. कुणी केला ते मी विचारणार नाही." तिसरी कचरा वेचणारी. ती म्हणाली, "डोंगर नसेल." देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराबद्दल बोलत होती. मग थांबून म्हणाली, "पण मग मी काय करेन?" त्या 'पण'वर आम्ही दीड तास बोललो. पर्यावरण, रोजगार, जात, पुनर्वसन, सगळं त्यात आलं. एवढी खोल चर्चा मागण्यांच्या यादीवरून आमच्या गटात कधी झाली नव्हती.

मुंबईनं हवामान कृती आराखडा २०२२ साली जाहीर केला, त्यात लक्ष्य २०५० सालचं आहे. धारावीचा पुनर्विकास सुरू आहे, पात्र कोण आणि अपात्र कोण याच्या याद्यांवर लाखो माणसांचं पुढचं आयुष्य टांगलेलं आहे. म्हणजे पुढच्या पंचवीस वर्षांची गोष्ट आत्ता, ह्या घडीला लिहिली जाते आहे. आपण लिहिली नाही तर ती कोरी राहणार नाही. ती चाळीस मजली असेल, तिच्यात पाच बायका असतील, आणि एकीच्याही हातात पिशवी नसेल.

म्हणून माझा प्रस्ताव साधा आहे. प्रत्येक गटानं येत्या तीन महिन्यांत एक बैठक फक्त ह्यासाठी घ्यावी. आपल्या वस्तीचं, गावाचं, शहराचं २०५० साल. ज्यांना लिहिता येतं त्यांनी लिहावं, येत नाही त्यांनी सांगावं आणि दुसरीनं उतरवून घ्यावं. शहापूरच्या बायकांनी लिहावं, मुंब्र्याच्या बायकांनी लिहावं, सपनानं लिहावं. भयाचं लिहा, आशेचं लिहा, भांडणाचं लिहा. फक्त त्यात पाणी कोण भरतं आणि भांडी कोण घासतं एवढं सांगायला विसरू नका. आणि जयाला एक शेजारीण द्या.

काकूंना मी हा लेख वाचून दाखवला. ऐकून म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे. पण मला त्या चित्रात कितव्या मजल्यावर काढशील ते सांग. लिफ्ट बंद पडली तर माझे गुडघे चढणार नाहीत." मी म्हटलं, तळमजल्यावर. त्या म्हणाल्या, "मग दाराशी एक बाक पण काढ. चौघी बसतील एवढा."

माझ्या २०५० च्या मुंबईत तो बाक आहे. तुमच्यात काय आहे, लिहून पाठवा.